अण्णांचं भिंग

फोटो मोठे करायच्या एन्लार्जरसाठी दादाने नवंकोरं भिंग आणलं, तेव्हाच निकाल लागल्यात जमा होता. "हातच्या काकणाला आरसा कशाला? अण्णांच्या जुन्या भिंगाने फोटोचे कोपरे फिकट येतात. टाक ते भंगारात," तो म्हणाला.

पण बहीण हट्टी. डार्करूमचं दार लावून तिने दोन्ही भिंगं पारखायला घेतली. निगेटिव्ह न लावता कागदावर नुसता उजेड सोडायचा. भिंग चांगलं असेल तर कागद सगळीकडे सारखाच राखाडी होतो.

नव्या भिंगाचा कागद तसाच निघाला. नाव ठेवायला जागा नव्हती.

मग तिने अण्णांचं भिंग बसवलं. डेव्हलपरच्या द्रावणात कागद राखाडी होऊ लागला, आणि लाल दिव्याखाली त्यात दोन हात उमटले. डाव्या अंगठ्याचं नख दुभंगलेलं. अण्णांचंच. वडील गेल्यापासून तिने ते नख स्वप्नातसुद्धा पाहिलं नव्हतं.

तिने निगेटिव्हची खाच चाचपली. रिकामीच होती.

हात कागदाच्या कडांवर टेकलेले होते. तिने वाकडा लावलेला कागद सरळ करताना टेकायचे, अगदी तसे. "अगं, कागद तरी सरळ लावशील का कधी!" असं म्हणून ते रोज करवादायचे.

दाराबाहेरून दादा ओरडला, "काय गं, ठेवायचं की टाकायचं?"

तिने नवा कागद मुद्दाम वाकडा ठेवला, हात पाठीमागे घट्ट धरले आणि पायाने बटण दाबलं.

उजेड पडला. कागदाचा एक कोपरा किंचित हलला. मग अख्खा कागद, कुणी सवयीने सरकवावा तसा, हळूच सरळ झाला.