उतू गेलेलं दूध

तिसऱ्यांदा दूध वर आलं आणि तिसऱ्यांदा घरानं गॅस बंद केला.

"पहिल्याच दिवशी हे काय गं!" वैजयंताच्या आईचा चेहरा पडला. नव्या घरात दूध उतू गेल्याशिवाय ती एकही पिशवी उघडू देणार नव्हती.

वैजयंताला मात्र या घरावर चिडताही येईना. इतकी वर्षं एजंटांचे उंबरे झिजवताना जो तो तिला विचारायचा, "मिस्टर कुठे असतात?" हे घर नेटवर स्वतःच स्वतःला विकत होतं आणि त्यानं फक्त एवढंच विचारलं होतं, "राहायला येणार ना?"

"दूध सांडत होतं," भिंतीतून घर म्हणालं. "म्हणून गॅस बंद केला."

"अरे बाबा, मुद्दाम सांडायचंय! घर भरलेलं राहावं म्हणून पहिल्या दिवशी दूध उतू जाऊ देतात. तुला ठाऊक नाही?" आईनं विचारलं.

"नाही. माझी खरेदी-विक्री खूपदा झाली, पण सगळी नेटवरच. भाव वाढला की विकून मोकळे. दार उघडून आत कुणी आलंच नाही."

गॅस आपोआप पेटला. दूध फसफसत वर आलं आणि ओट्यावर सांडलं. करपट वास घरभर पसरला. आईनं पातेल्याला हळदकुंकू लावलं आणि मग जराशी बिचकत त्याच बोटानं भिंतीलाही.

"आभारी आहे," घर म्हणालं. "आत्ताच आणखी एका गिऱ्हाइकाची बोली आली आहे. काय कळवू?"

वैजयंतानं पहिली पिशवी उघडायला घेतली.

"कळव, घरात माणसं राहतात."