टेबलाला चाकं

हैबतीला बोलायला शेळी चालत होती, बायको चालत नव्हती.

“चंद्रे, त्या भिंतीवरची भांडी काढून ठेवा म्हणावं,” तो दारातल्या शेळीला म्हणाला आणि स्वयंपाकघराला लागून असलेल्या आपल्या शेडकडं वळला.

सोजराबाई तिथंच चुलीपुढं बसली होती, हात लांबवला तर पोचेल इतक्या अंतरावर. पण तीही शेळीलाच म्हणाली, “चंद्रे, काढते म्हणावं. आन् ते सिमेंटचं पोतं कशापायी आणलंय, तेबी ईचार.”

शेळीनं दोघांनाही दाद दिली नाही.

मुलगा, स्वरूप, सुतारकी नको म्हणून पुण्याला नोकरीला गेला आणि परत यायचं नाव घेईना, तेव्हा सोजराबाईच्या तोंडून निघून गेलं होतं, “तुमच्या त्या टेबलापायी पोरगं गेलं.” त्याच दिवशी हैबतीनं अंथरूण शेडमध्ये नेलं. तेव्हापासून तिनं भाकरी शेडच्या दारात ठेवायची आणि त्यानं ती टेबलावर बसून खायची. एकाच भिंतीच्या दोन अंगांना दोन ताटं. मान तिचीही ताठ, त्याचीही ताठ. माघार घेणार कोण?

टेबल तरी काय साधंसुधं होतं? गुंजवण्याचं जुनं घर धरणात जायच्या आधी हैबतीनं घराची तुळई सोडवून आणली आणि सारोळ्याकडच्या या नव्या वस्तीवर तिचं टेबल केलं. चार गडी लागल्याशिवाय ते जागचं हलत नसे. त्यावर तो गावाची दारं करी, खाटा करी. दिवसभर रंधा चाले. तो आवाज थांबला की सोजराबाई तव्यावरची भाकरी तशीच ठेवून कान देई. परत सुरू झाला की पुटपुटे, “करा किरकिर.”

आणि आता सिमेंट आलं होतं. म्हणजे पलीकडं ओटा बांधायचा, वेगळी चूल मांडायची. एवढं कळायला तिला शाळेत जायची गरज नव्हती.

भांडी उतरवताना तिनं ठरवलं, त्याच्या आधी आपणच काय तो निकाल लावायचा. तो आंघोळीला गेला तशी ती शेडमध्ये शिरली. सुतळीवर टेबलाची मापं घेतली, गाठी मारल्या, सुतळी कमरेला खोचली आणि भोरची एसटी धरली.

“टेबलाला चाकं पायजेत,” ती दुकानात म्हणाली.

दुकानदार कुंडलिकनं काउंटरवर चार इवलीशी चाकं ठेवली.

“ही टीव्हीची गाडी हाकायची व्हय रं? चार गडी धाप टाकत्यात असलं टेबल हाय ते. कामाचं.”

“मग जड कामाची घ्या, काकू. आणि भार तीनच चाकांवर धरायचा. अंगणात एखादं चाक अधांतरी राहतंच. जमीन कसली आहे?”

“आदी आंगण. मंग उंबरा. मंग सारवलेली.”

“सारवलेली? मग लोखंडी नकोत, चर पडतील. रुंद रबराची घ्या, मोठ्या गोलाईची. उंबराही चढतील.” कुंडलिक थांबला. “म्हणजे टेबल गोठ्यात टाकताय?”

सोजराबाईनं चाक उचलून बोटानं फिरवून बघितलं. “याला बिरेक हाय का?”

“दोन चाकांना लावून देतो.”

“चारींना पायजे. एकदा बसलं की परत हालाया नगं.”

पायाची जाडी विचारली तशी तिनं सुतळीची पहिली गाठ पुढं केली. कुंडलिकनं चाकाची पट्टी त्यावर धरली. “बरोबर बसेल. आणि ही दुसरी गाठ?”

“ती माजी हाय.”

बोल्ट मोजता मोजता त्याला राहवेना. “काकू, काकांना विचारलंय ना? या वयात त्यांनी कुठं जावं?”

“टेबल हाललं की मानूस बी हालतंय.”

“लई कडक आहात तुम्ही.”

“मऊ राहून कुनाचं भलं झालंय?”

परतीच्या एसटीत शेजारी कुणी बसलं नाही, म्हणून तिनं चाकांचं पोतं बाकावर ठेवलं. एकदा मोबाईल काढला, स्वरूपचं नाव बघितलं, परत कनवटीला लावला. फोन केला तर तो विचारणार, आबा कसे आहेत. काय सांगायचं? शेळीला ईचार म्हणायचं?

थांब्यावर उतरून ती पोतं खांद्यावर घेऊन चालू लागली. घर दिसलं, पण रंधा ऐकू येईना. ती उभी राहिली. कान दिला. काहीच नाही.

गेलं वाटतं म्हातारं. आपण चाकं आणायला गेलो आणि ते त्याआधीच उठून गेलं.

पोतं जड होतं, तरी ती उरलेली वाट जवळजवळ धावतच आली.

स्वयंपाकघरात धूळच धूळ. खाली विटांचा ढीग. जिथं भांड्यांची फळी होती, तिथं भिंतच नव्हती. नवी लाकडी चौकट उभी होती आणि हैबती तिच्या कडेनं सिमेंट लिंपत होता. पलीकडं टेबल दिसत होतं, त्यावर सकाळचं ताट आणि चुलीकडं तोंड करून ठेवलेलं स्टूल. चौकटीतून चंद्रीनं मुंडी आत घातली होती.

हैबतीनं वर बघितलं नाही. “चंद्रे, ईचार,” तो म्हणाला, “हितनं भाकरी द्यायला जमंल का म्हणावं.”

सोजराबाईनं शेळीला बाजूला सारलं. कमरेची सुतळी काढली, टेबलाच्या रुंदीची ती दुसरी गाठ चौकटीला लावून बघितली. गाठ चांगली वीतभर बाहेर राहिली.

तिनं पोतं त्याच्या पायाशी उपडं केलं. चारी चाकं विटांवर सांडली. मग तिनं सरळ त्याच्या तोंडाकडं बघितलं.

“मिस्त्री कसले वो तुमी, निव्वळ धोंडा! भिंत फोडायचीच हुती, तर टेबल माज्या चुलीपाशी येईल येवढी तरी फोडायची!”