भिंतीवरचा पहिला मुखवटा

“आता तोंड मिटा, सरकार. ओठ हलले की साचा बिघडतो,” मुखवटेवाला फिलेरॉस म्हणाला.

ऑलस मिंडियसचं तोंड बंद करू शकेल असा माणूस रोममध्ये अजून जन्मला नव्हता. सिनेटने दोनदा ठराव करून पाहिला होता. दोन्ही वेळा ठरावावर सर्वांत लांबलचक भाषण मिंडियसचंच झालं.

आज मात्र स्वारी खुशीत होती. समुद्राकाठच्या आपल्या बंगल्यात तो बाकावर उताणा पडला होता. नाकपुड्यांत श्वासासाठी बोरूच्या दोन नळ्या होत्या.

आठवड्यापूर्वी नव्या राज्यकर्त्यांनी रोमच्या चौकात एक फळा लावला. फळ्यावर ज्याचं नाव, त्याचं डोकं आणून देणाऱ्याला बक्षीस. डोकं भाषणाच्या चौथऱ्यावर टांगायचं. मिंडियसचं नाव सातवं होतं. पहिल्या पाचांत नाही, याचं त्याला जरा वाईटच वाटलं. पळून जायला गलबत तयार होतं. तेवढ्यात रोमहून मुलाचं, क्विंटसचं, पत्र आलं. ‘बाबा, निघू नका. तुमचं नाव पुसून घेतोय, काम झाल्यात जमा आहे. तोवर मुखवटेवाल्याला पाठवतो. चेहऱ्याचा साचा देऊन ठेवा.’

मिंडियसने गलबत परत पाठवलं. पत्र घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवलं, आचाऱ्याला दोनदा.

मुखवटा हे त्याचं जुनं दुखणं होतं. खानदानी घरांत दिवाणखान्याच्या भिंतीवर पूर्वजांचे मेणाचे मुखवटे असतात. मुलगा निवडणुकीला उभा राहिला की लोक आधी ते मोजतात, मग मुलाकडे बघतात. मिंडियसचा बाप कांदे विकायचा. “तुमच्या भिंतीवर काय आहे हो, कांद्याच्या माळा?” असं विरोधक भर सभेत विचारत. नुसत्या जिभेच्या जोरावर मिंडियस कॉन्सल, म्हणजे रोमचा सर्वोच्च अधिकारी झाला, पण भिंत कोरीच राहिली. आता क्विंटस उभा राहणार होता, आणि त्याच्या भिंतीवर बाप असणार होता.

“एकच विचारतो,” मिंडियस म्हणाला. “मुखवटा माणूस गेल्यावर घेतात ना रे? मग मला हा मान आधीच कसा?”

“गेल्यावरच घेतात, सरकार. मेलेलं गिऱ्हाईक बरं. मध्ये मध्ये बोलत नाही,” म्हणत फिलेरॉसने त्याच्या तोंडावर प्लास्टरचा गोळा थापला. मग गाल, कपाळ, डोळे.

लेप कोमट झाला, हळूहळू आवळत गेला. फिलेरॉस हात धुता धुता गप्पा मारू लागला.

“धीराची कमाल आहे हं तुमच्या. दुसरा कुणी असता तर बाकावरून उठून पळाला असता. तुम्ही हूं की चूं नाही! आणि चिरंजीव तर लाखात एक. शिपायांना बंगला सापडेना, तर रोमपासून स्वतः वाट दाखवत आले. आता शिपाई आत यायची घाई करतायत, तर चिरंजीव दारात आडवे उभे आहेत. म्हणतात, ‘साचा निघेपर्यंत कुणी पाऊल टाकायचं नाही. डोकं एकदा तुम्ही चौकात नेलंत, की आमच्या भिंतीला काय उरणार?’”