चाळीच्या किल्ल्या

करमाडच्या सभेत साहेब माईकवरून गरजले, "बाहेरच्यांना हाकला!" आमच्या ह्यांनी टाळ्या पिटल्या आन् घरी येऊन चाळीतल्या बिहारी भाडेकऱ्यांना सांजच्याला बाहेर काढलं. शेंद्र्याच्या कारखान्यात राबणारी पोरं ती. पाण्याचा टँकर आला की माझे हंडे तीच भरून द्यायची. मी लई विनवलं. पण ह्यांना साहेबांचं भाषण म्हणजे कलेक्टरचा हुकूम. खोल्यांच्या किल्ल्या माझ्या कमरेला आल्या. आज मतं मागायला साहेबांची गाडी चाळीपुढं थांबली. गळ्यात बिहारी गमछा, हातात मिठाईचा पुडा घेऊन उतरले, तर दारांना कुलपं! "बन्सी, माणसं कुठंयत?" "हाकलली, साहेब! तुम्हीच म्हणला व्हता," हे फुशारकीनं बोलले. "गाढवा, सगळ्यांना मतदार मीच करून घेतलंय! बोलव परत." ह्यांनी किल्ल्यांसाठी माझ्यापुढं हात पसरला. मी पदर खोचला. "देते. पण आधी साहेबांनी त्याच माईकवरून त्यांना बोलवावं."