पूर्ण भूल

घाटनांदूरच्या मंजुळाबाईंची हाडं पन्नाशीतच ठिसूळ झाली होती. अंगणात घसरल्याचं निमित्त झालं आणि खुबा मोडला. सांधा बदलताना कमरेखालचीच भूल द्यायची की पूर्ण झोपवायचं, असं डॉक्टरांनी त्यांना विचारलं. उत्तर दिलं ते नवऱ्यानं, रामहरींनी, मांडीवरच्या नातीला थोपटत.

"पुरतंच झोपवा, सायब. बाईमाणूस हाय, भेदरून जाईल."

"न्हाई," मंजुळाबाई म्हणाल्या. "मला जागीच ठेवा."

"हातोड्याचे आवाज ऐकू येतील, मावशी."

"येऊ द्या."

"सुनंसमोर लई शूर झालीस की गं!" रामहरी हसले. सुनेला, रोहिणीलाही सासूचा हा हट्ट कळेना.

"डॉक्टर, ऊसतोडीला गेलतो तवा पोट दुखतंय म्हणून ह्यायनी मला असंच पुरतं झोपवायला लावलं. जागी झाले तर गर्भाची पिशवी काढलेली. मी रडाया लागले, तर हे म्हणले, बरं झालं, आता महिन्याचा चार दिवसांचा खाडा मिटला."



रोहिणीनं सासऱ्याच्या मांडीवर झोपलेली आपली लेक उचलून घेतली.