मागची गाडी

"आर्डिस, ब्रेक दाब," ऑरिनने मागून हाक दिली.

आर्डिस मोटारहोमच्या, म्हणजे त्यांच्या चाकांवरच्या घराच्या, स्टिअरिंगमागे बसली होती. तिने ब्रेक दाबला. मागे जोडलेल्या पिकअपचे लाल दिवे पेटले.

"झकास. आता ही तुमची शेपूट झाली. तुम्ही वळलात की वळेल, थांबलात की थांबेल. मागे ड्रायव्हर नको."

"देवाची कृपा," आर्डिस म्हणाली. आवाजात कृपेचा मागमूस नव्हता, पण ऑरिनचं डोकं तेव्हा बंपरखाली होतं.

दर हिवाळ्यात आर्डिस आणि वर्लिन मिनेसोटातलं घर बंद करून अ‍ॅरिझोनाच्या उन्हात जायचे. रस्ता चार दिवसांचा. पुढे वर्लिन मोटारहोम चालवायचा, मागून आर्डिस पिकअप. यंदा लग्नाला पन्नास वर्षं झाली, म्हणून लेकीने, मारितने, भेट पाठवली होती. पिकअप चारही चाकांवर ओढत नेण्याचं सगळं सामान: दांडा, तो अडकवायची लोखंडी पट्टी, दिव्यांच्या तारा, पिकअपचा ब्रेक आपोआप दाबणारी पेटी. शेजारचा ऑरिन हौसेने ते बसवून देत होता.

"आई, तू बिचारी एकटीच मागे मागे येतेस," मारित फोनवर म्हणाली होती. "आता बाबांच्या शेजारी बस. गप्पा मारत जा दोघं."

"बरं झालं तुझ्यासाठी," वर्लिन म्हणाला होता.

"तुझ्यासाठीही," आर्डिस म्हणाली होती, आणि मग दोघांनी बराच वेळ कॉफी ढवळली होती.

आता हे कुणाला सांगायचं? चर्चमध्ये तिला शेवटच्या रांगेत उभं करून हळू गायला सांगत. पिकअपमध्ये ती काचा वर करून, बेंबीच्या देठापासून, हव्या त्या सुरात देवाची गाणी म्हणायची. मग प्रार्थना. एकेकाचं नाव घेऊन, मोठ्याने. शेवटी वर्लिनबद्दलच्या वर्षभराच्या तक्रारी, त्या थेट देवाकडे. देव ऐकून घ्यायचा, मध्ये बोलायचा नाही. अ‍ॅरिझोना येईपर्यंत तक्रारी संपलेल्या असायच्या आणि नवरा पुन्हा आवडायला लागलेला असायचा.

हे चार दिवस गेले, तर पुढचं वर्ष काढायचं कशावर?

"ऑरिन, गाडी जुनी आहे रे," ती खाली उतरून म्हणाली. "ओढून ओढून गिअर नाही ना बिघडायचे?"

"न्यूट्रलला टाकायची, बस्स. तुझी पिकअप तर जणू याचसाठी जन्माला आलीय."

वर्लिन हात खिशात घालून उभा होता. "पण जोडलेली असताना रिव्हर्स घेता येत नाही म्हणे?"

"नाही येत. दांडा वाकेल."

"मग पेट्रोल पंपावर अडकलो तर? या वयात फजिती नको."

"अरे, दांड्याच्या दोन टोकांना दोन पिना. उपसल्या की गाडी मोकळी. हे बघ." ऑरिनने पिना काढून दाखवल्या, पिकअप सोडवली, दांडा मोटारहोमच्या मागे दुमडून ठेवला आणि पिना पुन्हा दोन्हीकडे अडकवल्या. "सकाळी येतो. जोडून देतो आणि टाटा करतो."

सकाळी वर्लिन दाढी करत असताना आर्डिस कोट चढवून बाहेर आली. आधी तिने देवाची क्षमा मागून घेतली. चोरी म्हणावी, तर वस्तू आपलीच होती. दाराच्या बाजूची पिन तिने पटकन उपसली, खिशात टाकली आणि मागे वळून न बघता आत जाऊन सँडविच बांधायला बसली.

ऑरिन आला. वर्लिन त्याच्याबरोबर मागे गेला आणि लगेच त्याची हाक आली, "आर्डिस, पिन दिसत नाहीये गं."

"अगंबाई," आर्डिस म्हणाली.

तिघं खडीत ओणवी झाली. आर्डिसने तर गुडघे टेकून शोध घेतला.

"थांबा," ऑरिन उठला. "माझ्याकडे जाडजूड बोल्ट आहेत. तात्पुरते घालू."

आर्डिसने कोटाचा खिसा वरून दाबून धरला.

"बोल्ट?" वर्लिन ताठ उभा राहिला. "एवढी गाडी मी बोल्टवर टांगू? मागून येणाऱ्याचा जीव जायचा."

ऑरिन बघतच राहिला. या माणसाने कोंबड्यांच्या खुराड्याचं दार वर्षानुवर्षं सुतळीने बांधून चालवलं होतं.

"वर्लिनचं बरोबर आहे," आर्डिस म्हणाली. "जिवाशी खेळ नको."

"मग शहरातून नवीन आणू. दोन तास जायला, दोन यायला."

"दुपारी बर्फ पडणार आहे," वर्लिन म्हणाला.

"रस्तेच बंद होतील," आर्डिस म्हणाली.

"म्हणजे यंदाही तू मागून," वर्लिनने उसासा टाकला. "मारितला काय सांगायचं?"

"सांगू, नशिबात नव्हतं. मी येईन हो. सवय आहे मला." तिने चेहरा पडेल एवढा पाडला.

वर्लिनने तिच्या खांद्यावर थोपटलं आणि शीळ घालत पुढच्या गाडीत चढला. आर्डिस पिकअपमध्ये बसली. मनातल्या मनात पहिलं गाणंही ठरलं.

ऑरिन अजून खडीत पाय घासत होता. तिच्या खिडकीपाशी येऊन त्याने डोकं खाजवलं.

"एक पडली असती तर मी समजलो असतो. पण दोन्ही बाजूंच्या पिना एका रात्रीत कशा गेल्या गं?"

आर्डिसने खिशात हात घातला. खिशात एकच होती.