अप्पांच्या गळ्याचा रंग

अप्पांना शेवटची आंघोळ घालताना चारुताने ओल्या पंच्याने त्यांचा गळा पुसला आणि पंचा तांबडा झाला. खालची कातडी फिकट होती, बाकीच्या अंगासारखीच.

लग्नात नवराबायकोला माशाचं जनुक टोचायची रीत अप्पांच्या पिढीपासूनची. विणीच्या दिवसांत माशाचा गळा रंगतो, तसा जोडीदारावर जीव जडलेल्या माणसाचा रंगायचा, आणि मेल्यावरही तो रंग उतरत नसे. दाराशी बसलेल्या आईचा गळा आत्ताही लालभडक होता.

"आटप गं," बाहेरून आत्याने हाक दिली. "लोक खोळंबलेत. आमच्या दादाचा गळा शेवटचा बघू दे सगळ्यांना. असा रंग गावात कुणाचा नव्हता."

आईला गळा दिसू नये म्हणून चारुता मधे सरकून बसली. आता या वयात आईला हे कळायला नको होतं. तिने ताटातलं कुंकू ओलं केलं आणि अप्पांच्या गळ्याला फासलं.

मागून आई उठून आली. खाली वाकून तिने पदराच्या टोकाने थोडं कुंकू टिपून घेतलं.

"इतकं गडद नको," ती म्हणाली. "ते हलकंच लावायचे."